पायधूळ झाडा की

गडमुडशिंगीतल्या त्या घरात माणसाला नुसतं 'या' म्हणायची रीत नव्हती. सप्ताहाच्या दिवसांत कीर्तनकार बुवा यायचे, टाळकरी यायचे, मृदंगवाला यायचा, कोल्हापुरातनं कीर्तन ऐकायला आलेलं आणि शेवटची बस चुकलेलं एखादं पावणं यायचं. आकारामनाना दारात उभे राहून प्रत्येकाला हात जोडायचे आणि म्हणायचे, "माउली, पायधूळ झाडा की आमच्या घरात." नाना सप्ताहात वीणा घ्यायचे. वीणा जशी खाली टेकवायची नसते, तशी ही बोलीही नानांनी जन्मभर खाली टेकवली नाही. व्याह्याला तेच, दूध घालायला आलेल्याला तेच, आणि मीटर बघायला आलेल्या वायरमनलासुद्धा तेच.

वायरमन हसायचा. "नाना, झाडतो की धूळ, पण रीडिंग काय कमी व्हायचं न्हाय."

तानाबाई नानांची नवी नवरी म्हणून त्या घरात आल्या, त्या साली एका बुवांनी निरूपणात हे दोन शब्द सोलून दाखवले होते. भाकरीच्या पिठात हात तसेच ठेवून तानाबाई मंडपाच्या कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. बुवा म्हणाले, "बाबांनो, माणूस ज्या वाटेनं चालत येतो ती वाट त्याच्या पायाला लागून येते. तो तुमच्या उंबऱ्याच्या आत पाय झाडतो, म्हणजे आपली वाट तुमच्या घरात ठेवून जातो. ती माती केरात लोटू नका. कपाळाला लावा. देव कुठल्या वाटेनं आला असेल, कुणी सांगावं?" मंडपात सगळ्यांनी विठ्ठलनाम घेतलं. तानाबाईंनीही घेतलं, पिठाच्या हातानं. तेव्हापासून ते वाक्य नानांचं एकट्याचं राहिलं नाही.

कार्तिकात नाना गेले. लेक उदयसिंह कुवेतहून आला, सगळे विधी नीट केले, आणि परत निघायच्या आदल्या दिवशी आईजवळ येऊन बसला.

"आई, एकटी राहून काय करणार हाईस? चल माझ्याकडं. व्हिसा निघतो तीन महिन्यांचा. करमलं तर पुढचं बघू."

धाकटी जाऊ अंबूबाई शेजारच्याच घरात. तिनंही रेटा लावला. "जा की आक्का. लेक बोलावतोय, सून बोलावतीया. हितं भिंतीसंगं बोलण्यापरीस तितं लेकासंगं बोल."

चैत्र सरता सरता तानाबाई कुवेतला गेल्या. अंबूबाईला काय ठाऊक, भिंती तिथंही होत्या, आणि गडमुडशिंगीतल्या भिंतींपेक्षा पुष्कळ उंच होत्या.

फहाहीलला पाचव्या मजल्यावर घर. घर चांगलं होतं, थंडगार होतं, नळाला बारा महिने पाणी. उदयसिंह तेलाच्या कंपनीच्या साइटवर पहाटेच जायचा. सून तेजस्वी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, ती त्याच्या मागोमाग. पोर गुणी होती. रोज निघताना सासूला सगळं समजावून सांगायची. "आई, गॅसचं बटण खालून बंद करा. दाराची साखळी लावा. बेल वाजली तर आधी भोकातनं बघा. ओळखीचं नसलं तर उघडू नका बरं का."

"माज्या वळखीचं हितं कोण येणार हाय गं?" तानाबाई म्हणाल्या.

तेजस्वी हसली आणि लिफ्टकडे पळाली. तानाबाईंनी मात्र तो प्रश्न थट्टेनं विचारला नव्हता.

दोघं गेली की घर गप्प व्हायचं. तानाबाई पूजा करायच्या, मोबाइलवर कुणातरी बुवांचं कीर्तन लावायच्या, भांडी घासायच्या. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. मोबाइलमधलं कीर्तन ऐकताना त्या सवयीनं मधे मान डोलवायच्या, नामाचा गजर आला की टाळी वाजवायच्या, आणि आपली एकटीचीच टाळी ऐकून हात मांडीवर ठेवायच्या. कीर्तन म्हणजे काही नुसता बुवा नव्हे. शेजारी बसलेल्या बाईचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागतो, मागचं पोर पदर ओढतं, पुढची म्हातारी ऐन रंगात डुलकी काढते आणि गजर झाला की दचकून सगळ्यांच्या आधी टाळी वाजवते. हे सगळं मिळून कीर्तन. ते मोबाइलमध्ये कुठनं यायचं?

संध्याकाळी उदयसिंह घरी आला की बूट काढता काढता विचारायचा, "करमतंय न्हवं आई?"

"व्हय, करमतंय की," तानाबाई म्हणायच्या. लेक दिवसभर उन्हातनं आलेला. त्याला काय सांगायचं?

पहिली धूळ आली ती दुपारची. तानाबाई खिडकीशी उभ्या होत्या. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळत उकळत तांबूस होत जातो, तसं एका बाजूचं आभाळ तांबूस होत चाललं. मग पलीकडची इमारत गेली. मग रस्ता गेला. मग खालच्या गाड्याही गेल्या, नुसते त्यांचे दिवे राहिले, तेही लाल कुंकवाएवढे. वारा खिडकीच्या फटीतनं शीळ घालत होता. तानाबाईंना गावाकडचा वळीव आठवला. वळवाच्या आधी अशीच वावटळ उठते. बायका वाळवणं गोळा करायला धावतात, 'अगं तुझं धुणं उडालं', 'अगं तुझी शेरडी सुटली' म्हणून एकमेकींना हाका मारतात, आणि मग टपोरे थेंब येतात. इथं खिडकीतनं दिसणाऱ्या शेकडो खिडक्यांपैकी एकीतनंही कुणी कुणाला हाक मारली नाही. सगळ्या खिडक्या मिटलेल्या. थेंबही आला नाही. आली ती धूळ. जात्याच्या पाळ्यात बसलेल्या पिठासारखी मऊ, सगळीकडे शिरणारी. दातांखाली करकर, चहात करकर, देव्हाऱ्यातल्या पांडुरंगाच्या पापण्यांवर धूळ.

"ह्याला हितं तोझ म्हणत्यात," रात्री जेवताना उदयसिंह म्हणाला. "आता हे असंच चालायचं, पावसाळ्यापत्तूर."

"हितं पावसाळा असतो व्हय?"

"न्हाय," तो म्हणाला, आणि तिघंही हसली.

समोरच्या दाराशी ओळख झाली ती एका शब्दानं. तानाबाई दुपारी दाराच्या भोकाला डोळा लावून उभ्या राहायच्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या भोकातनं जिन्याची मोकळी जागा दिसायची, लिफ्टचं दार दिसायचं, समोरचं बंद दार दिसायचं. कधीतरी एखादं माणूस त्यातनं जायचं. बुटकं आणि वाकडं दिसायचं, पण माणूस दिसायचं. एके दिवशी समोरचं दार उघडलं. पाण्याचे कॅन देणारा पोरगा उभा होता, आणि आतली बाई त्याला म्हणत होती, "नक्को, आज नक्को. कल लाके देव."

तानाबाईंनी साखळी काढली आणि धाडकन दार उघडलं. आधी भोकातनं बघायचं, ओळखीचं नसलं तर उघडायचं नाही, सगळं विसरल्या.

"तुम नको बोल्या?" त्यांनी विचारलं. "तुम हमारे तिकडचे काय?"

ती बाई चाळिशीची, गोरीगोमटी, डोक्यावरची ओढणी सावरत दचकून बघत राहिली. "मैं तो हैदराबाद की हूँ, अम्मा."

"मग नको कशी बोली?"

"हमारे में नक्कोच बोलते."

"हमारेमे पण नकोच बोलते!" तानाबाई म्हणाल्या. असा काही आनंद, की जणू दोघींचं माहेर एकाच गल्लीत निघालं. पाण्याचा पोरगा एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत कॅन घेऊन निघून गेला.

तिचं नाव खैरुन्निसा. तानाबाईंच्या तोंडात ते बसेना, म्हणून त्यांनी तिला सरळ 'बेटी' करून टाकलं. त्यानंतर कधी लिफ्टपाशी, कधी कचऱ्याची पिशवी ठेवताना दोघी भेटायच्या. चार शब्द बोलायच्या. "खाना हुआ, अम्मा?" "हुआ की. तुमचं?" "हौ." "गरमी लई आहे." "हौ अम्मा, बहोत." बस्स, एवढंच. पण तेवढ्यावर तानाबाईंची दुपार सरायची. अंबूबाईशी फोनवर बोलताना त्या खैरुन्निसाचं इतकं सांगायच्या की अंबूबाईनं एकदा विचारलंच, "आक्का, लेकाकडं गेलीयास का समोरच्या बाईकडं?"

तानाबाईंच्या मनात एकच होतं. ती एकदा घरात यावी. बाहेर उभ्यानं बोलणं ते बोलणं नव्हे. माणूस आत यावं, बसावं, त्यानं पाणी प्यावं, मग ते आपलं. पण घर सुनेचं. म्हणून त्यांनी आधी तेजस्वीला विचारलं.

"बोलवा की आई. त्यात काय विचारायचं?" तेजस्वी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण हितं कोण कुणाच्यात फारसं जात न्हाय हं. न्हाय आली तर मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी तानाबाईंनी सकाळपासून कंबर कसली. आदल्या रात्री धूळ येऊन गेली होती, म्हणून सगळी फरशी दोनदा पुसली. उंबऱ्याबाहेरची जागासुद्धा पुसली. तूप घालून सांजा केला, वेलदोडा कुटून घातला. हिरवं इरकल लुगडं काढलं. आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून हिंदी वाक्य घोळवू लागल्या. 'हमारे घरमे आव.' छे! हे म्हणजे गल्लीतल्या पोराला हाक मारल्यासारखं. माणसाला घरी बोलवायचं ते मानानं बोलवायचं. नाना असते तर काय म्हणाले असते? मग त्यांना वाक्य सापडलं, आणि त्या दार उघडून बाहेर आल्या.

खैरुन्निसा बाहेरच होती. तिनं जिन्याच्या कठड्यावर जाजम टाकलं होतं आणि काठीनं ते बडवत होती. रात्रीची सगळी धूळ त्या जाजमातनं उठून जिन्यात पसरत होती. इमारतीचा राखणदार नुकताच तिच्याशी हुज्जत घालून खाली गेला होता. त्याची बडबड अजून खालनं ऐकू येत होती. तिचा चेहरा आधीच तापलेला. तानाबाईंनी ते पाहिलं नाही. त्यांनी हात जोडले, अगदी नानांसारखे, आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"बेटी, पायधूळ झाडो की हमारे घरमे."

खैरुन्निसाची काठी थांबली. तिनं जाजमाकडं बघितलं. आपल्या धुळीनं भरलेल्या चपलांकडं बघितलं. तानाबाईंच्या नुकत्याच पुसलेल्या, अजून ओल्या असलेल्या उंबऱ्याकडं बघितलं. मग ती खाली मान घालून म्हणाली, "माफ करो अम्मा." जाजमाची गुंडाळी केली, आत गेली, आणि दार लावून घेतलं.

तानाबाई हात जोडून तशाच उभ्या. त्यांना वाटलं, जाजम ठेवून येईल. तोंड धुऊन येईल. त्यांनी आपलं दार उघडंच ठेवलं. सांजा निवला. संध्याकाळी त्यांनी तो तिघांच्या ताटात वाढला.

"आली नव्हती व्हय?" तेजस्वीनं विचारलं.

"कामात आसंल," तानाबाई म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही. लिफ्टपाशी तानाबाई दिसल्या की खैरुन्निसा पुन्हा आत जायची. तिच्या दाराबाहेर आता एक ओलं पोतेरं अंथरलेलं असायचं. आणि एका दुपारी तानाबाई भोकातनं बघत होत्या. खैरुन्निसा बाजारातनं आली. लिफ्टमधनं बाहेर पडताच तिनं चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि तानाबाईंच्या दारापासनं जेवढं लांब राहता येईल तेवढं लांब राहत, भिंतीला घासून, अनवाणी आपल्या दारापर्यंत गेली.

त्या रात्री त्यांनी उदयसिंहाला विचारलं, "माजं काय चुकलं असंल रं?"

उदयसिंहानं भाकरी मोडता मोडता सांगितलं, "काय चुकायचंय? त्यांना आपलं चालत नसंल आई. आपल्या घरात देवबिव. जाऊ दे की."

असेल, तसंही असेल. पण मग ते 'नक्को' आणि ते हसू? देव तर तेव्हाही घरात होते. तानाबाई देव्हाऱ्यापुढं बसून राहिल्या. त्यांनी पांडुरंगाला विचारलं. पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्या पापण्यांवर पुन्हा धूळ बसली होती. तानाबाईंनी ती पदरानं पुसली.

अंबूबाईला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. "समोरची कशी हाय?" असं तिनं विचारलं की "बरी हाय" म्हणायच्या आणि गावातल्या म्हशीची चौकशी काढायच्या. मोबाइलवर कीर्तन लावायचंही कमी केलं. बुवा मोकळ्या मनानं हसवत असले की जास्तच एकटं वाटायचं. दाराच्या भोकाला मात्र डोळा लावायच्याच. सवय काही सुटली नाही.

आणि मग ती मोठी धूळ आली. सकाळीच सूर्य गेला. खिडकीच्या बाहेर कुणीतरी गेरूचं पोतं ओतल्यासारखं झालं होतं. उदयसिंहाचा फोन आला, "आई, खिडक्यांना ओले टॉवेल लाव. दार उघडू नकोस. आम्हाला यायला उशीर हुईल, रस्ता दिसत न्हाय." तानाबाईंनी टॉवेल लावले. वीज गेली. थंड हवेचं यंत्र घरघर करत थांबलं, आणि ते थांबल्यावर कळलं, की इतके दिवस या घरात तेवढा एकच आवाज सोबतीला होता.

तेवढ्यात बाहेर दार आपटल्याचा मोठा आवाज झाला. तानाबाई भोकापाशी गेल्या. जिन्यात अंधार होता, वरच्या झरोक्यातनं धूळ आत ओतत होती. समोरचं दार बंद होतं आणि खैरुन्निसा बाहेर होती. ती दार ढकलून बघत होती. पोतेरं उचलायला बाहेर आली असेल, आणि वाऱ्यानं दार मागनं लागलं असेल. किल्ली आत, फोन आत. तिनं एकदा दोन्ही हातांनी दारावर थापा मारल्या, उगाच. मग ती वळली. तानाबाईंच्या दाराकडं बघितलं. तानाबाईंना वाटलं, आता येईल. आता बेल वाजवेल. त्यांचा हात साखळीवर गेला.

ती आली नाही. ओढणी तोंडाला गुंडाळून जिन्याच्या पायरीवर बसली आणि खोकू लागली.

तानाबाईंनी दार उघडलं.

"बेटी, वहाँ काय बैठी? अंदर ये."

"नक्को अम्मा. मैं यहाँच ठीक हूँ."

"ठीक कसली? धूळ किती हाय बघ, नाकातोंडात चाल्ली. आव म्हणते ना!"

"उसीच वास्ते तो बोल रई." खैरुन्निसानं मान वर केली नाही. "पूरी धूल में भरी हूँ. आपका घर मैला होता. आपीच बोले थे ना, धूल झाड़ो बोल्के. मेरे जाजम की धूल आपके दरवाजे पो आई, आप हात जोड़के बोले, पाँव की धूल झाड़ो. इत्ती बड़ी हैं आप, हात जोड़े. मेरेकू इत्ती शरम आई, अम्मा. क्या बोलूँ."

तानाबाईंना आधी काही कळेना. मग कळलं. पायधूळ झाडा! इतक्या दिवसांची ती अनवाणी चाल, ते ओलं पोतेरं, त्या हातातल्या चपला.

"अगं तसं न्हवं!" त्या ओरडल्याच. "झाडून ये म्हटलं न्हाय मी! हमारे घरमे येऊन झाडो म्हटलं! अंदर! अंदर झाडो!"

खैरुन्निसानं आता वर बघितलं. हे तर आणखीच अवघड झालं होतं. "धूल झाड़ने कू कोई घर बुलाता क्या, अम्मा?"

"हमारेमे बुलाता है!"

यापुढचं हिंदी तानाबाईंकडं नव्हतं. बुवांनी मंडपात सांगितलेलं ते सगळं, ती वाट, तो उंबरा, ते हिंदीत कसं सांगायचं? त्या जिन्यात आल्या, गुडघ्यावर हात देत पायरीपाशी खाली वाकल्या. खैरुन्निसाच्या पायांवर तांबूस धूळ बसली होती. तानाबाईंनी तिच्या पावलाला बोट लावलं आणि ते बोट आपल्या कपाळाला टेकवलं. कीर्तनाच्या मंडपात हे कुणालाच नवल नसतं. तिथं म्हातारा पोराच्या पाया पडतो, सासू सुनेच्या पाया पडते, आणि कुणी त्याचं काही मानत नाही.

खैरुन्निसा मात्र चटका बसल्यासारखी पाय आखडून उभी राहिली. "तौबा तौबा! क्या कर रै अम्मा! गुनाह लगता मेरेकू!"

"लगूदे," तानाबाई म्हणाल्या. वाकल्यानं त्यांना धाप लागली होती. "ये बघ. ये पायधूळ. घरात माणूस आलं तर ही येती. नाही आलं तर... नाही येती. इत्तेच बोली मी. तू आव, इत्तेच."

खैरुन्निसा त्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. तिथं बोटाएवढा तांबूस डाग होता. मग तिच्या तोंडावरची ओढणी हलली. ती रडते आहे की हसते आहे, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. "हमारे में ऐसा बोलते, अम्मा," ती म्हणाली. "मेरे अब्बा मेहमान कू बोलते थे. कदम रंजा फरमाओ."

"कदम? हमारे गल्लीमे हायत की कदम. चार घरं हायत."

"नईं अम्मा. कदम बोले तो पाँव."

"मग तेच की!" तानाबाई म्हणाल्या, आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.

खैरुन्निसा पुसलेल्या फरशीवरनं चालली तेव्हा तिच्या पावलांचे ठसे उमटत गेले. ती दर पावलाला खाली बघत होती. "तसंच ये," तानाबाई म्हणत होत्या, "तसंच." तिला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. ओल्या फडक्यानं तिनं तोंड पुसलं. तानाबाईंनी आपल्या मोबाइलवरनं तिच्या नवऱ्याला फोन लावून दिला. तो शाळेची बस चालवायचा. कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला गाडी लावून थांबला होता, म्हणाला, धूळ उतरेपर्यंत हलता येणार नाही.

तानाबाईंनी चहा ठेवला. गॅस होता, वीज नव्हती. चहात साखर किती, हे विचारायलासुद्धा त्यांना किती दिवसांनी कुणीतरी मिळालं. खैरुन्निसा थोडं थोडं बोलली. दोन मुली हैदराबादला, नानीकडं शिकायला. थोरली आता दहावीला. धाकटी फोनवर येत नाही, आल्यावर बोलत नाही. "रोती नईं, अम्मा. रोती तो अच्छा था." ती स्वतः रात्रभर धुळीनं खोकत होती, झोप नाही. तानाबाई म्हणाल्या, "व्हय गं," आणि त्यांना जाणवलं की हे 'व्हय' त्यांनी मराठीत म्हटलं आणि तिला कळलंही.

तिच्या कपातला अर्धा चहा निवला होता. तो ओतून दुसरा आणावा म्हणून तानाबाई स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा खैरुन्निसाची मान सोफ्याच्या पाठीवर कलंडली होती. झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, एक हात मांडीवर, पाय फरशीवर तसेच, धुळीचे.

तानाबाईंनी कप हळूच ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. किती तरी बोलायचं ठरवलं होतं. नानांचं सांगायचं होतं, सप्ताहाचं, गडमुडशिंगीचं. राहिलं. खोलीत अंधार होता, उकडत होतं, आणि त्या अंधारात दुसऱ्या एका माणसाचा श्वास चालला होता. आत, बाहेर. आत, बाहेर. मधेच नाकात धूळ अडकल्यासारखा थोडा घर्र होत होता. कार्तिकापासून दुपारच्या वेळी, दोघंच असताना, असा श्वास त्यांनी ऐकला नव्हता. त्या पदरानं तिला वारा घालू लागल्या.

फोन वाजला. तानाबाईंनी झडप घालून उचलला. अंबूबाई होती.

"आक्का, टीव्हीवर दावत्यात, तितं लई धूळ उठलीया म्हणं! बरी हाईस न्हवं? एकटीच हाईस व्हय घरात?"

"हळू बोल गं," तानाबाई कुजबुजल्या. "पावणं झोपलंय."

"पावणं? कोण पावणं?" अंबूबाईला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं.

तानाबाईंनी फोन बंद करून पदराखाली धरला आणि सोफ्याकडं बघितलं. खैरुन्निसानं कूस बदलली, पण ती उठली नाही. खिडकीबाहेर आता किंचित उजळलं होतं. पलीकडच्या इमारतीची एक कड दिसू लागली होती. वारा पडत चालला होता. धूळ उतरली की बस सुटेल, बस सुटली की नवरा किल्ली घेऊन येईल. तानाबाईंनी देव्हाऱ्याकडं तोंड केलं, डोळे मिटले, आणि अजून थोडा वेळ तरी हा वारा थांबू नये, असं मागणं मागितलं. रस्त्यात अडकलेली एवढी माणसं, आपला लेक, आपली सून, सगळी आठवली तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी त्यांनी ते मागणं परत घेतलं नाही.